मित्र (तारा)

मित्र (शास्त्रीय नाव : आल्फा सेंटॉरी) हा नरतुरंग तारकासमूहातील सर्वांत तेजस्वी तारा आहे. व्याध आणि अगस्त्य यांच्यानंतर रात्रीच्या आकाशात तेजाच्या दृष्टीने त्याचाच क्रमांक लागतो. नुसत्या डोळ्यांना तो एक तारा दिसत असला, तरी प्रत्यक्षात परस्परांभोवती फिरणाऱ्या दोन सूर्यांची ती जोडी आहे. या जोडीपासून बऱ्याच अंतरावर असलेला एक तिसरा, अत्यंत मंद तारा गुरुत्वाकर्षणाने तिच्याशी बांधलेला आहे. सूर्य वगळता आपल्याला सर्वांत जवळचे तारे हेच होत. मित्राचे पृथ्वीपासूनचे अंतर सुमारे ४.३७ प्रकाशवर्षे आहे.

हा तारा खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे ६०° ५०′ दक्षिणेस आहे. त्यामुळे उत्तर भारतातून तो जवळजवळ दिसत नाही. महाराष्ट्रातून आणि विशेषतः कोकण किनाऱ्यावरून मात्र तो दरवर्षी काही महिने दक्षिण क्षितिजावर स्पष्ट दिसतो. रायगड जिल्ह्यातील रेवस येथून तो कधी, कोठे व किती उंचीवर दिसतो याची माहिती या लेखात उदाहरणादाखल दिली आहे.

नावे

मराठी खगोलशास्त्रीय लेखनात या ताऱ्यास ‘मित्र’ आणि त्याच्या पश्चिमेकडील तेजस्वी शेजाऱ्यास (बीटा सेंटॉरी) ‘मित्रक’ म्हणतात. ‘नरतुरंग’ हे तारकासमूहाचे नाव कमरेवर मनुष्य व खाली घोडा असलेल्या ग्रीक पुराणकथेतील प्राण्यावरून आले आहे. अरबी ज्योतिर्विदांनी या ताऱ्याला त्या नरतुरंगाचे पाऊल मानले. त्या अरबी नावाचेच ‘रिजिल केंटॉरस’ हे रूप आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१६ मध्ये जोडीतील मोठ्या ताऱ्यासाठी मान्य केले. धाकट्या ताऱ्यास २०१८ मध्ये ‘टोलिमन’ हे नाव मिळाले. तिसऱ्या ताऱ्याचे नाव ‘प्रॉक्झिमा सेंटॉरी’ असे आहे. ‘प्रॉक्झिमा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘सर्वांत जवळची’ असा होतो. या लेखात जोडीतील ताऱ्यांचा उल्लेख ‘मित्र अ’ व ‘मित्र ब’ असा केला आहे.

महाराष्ट्रातून दृश्यता

दक्षिणेकडील तारा क्षितिजापासून जास्तीत जास्त किती वर येईल हे काढण्याची रीत सोपी आहे. ९० अंशांतून त्या स्थळाचे उत्तर अक्षांश आणि ताऱ्याची दक्षिण क्रांती वजा करावी. रेवसचे अक्षांश सुमारे १८.८° आहेत. म्हणून

९०° − १८.८° − ६०.८° = १०.४°

एवढी मित्राची रेवस येथील कमाल उंची होय. हात पूर्ण लांब करून मूठ धरली असता तिची रुंदी साधारण दहा अंश भरते. याचा अर्थ असा की, क्षितिजावर एक मूठ ठेवली तर तिच्या किंचित वर हा तारा असतो. याच रीतीने नागपूर येथे ही उंची सुमारे ८°, मुंबईस १०°, कोल्हापुरास १२.५°, पणजीस १३.७° आणि कन्याकुमारीस २१° येते. दिल्लीत ती एका अंशाहूनही कमी असल्याने तेथे तारा क्षितिजावरील धुळीतच हरवतो.

रेवसच्या अक्षांशावर मित्र उगवल्यापासून मावळेपर्यंत सुमारे सात तास क्षितिजावर असतो. तो आग्नेयेच्याही दक्षिणेस उगवतो, एक बुटकी कमान रेखतो आणि नैर्ऋत्येच्या अलीकडे मावळतो. कमानीच्या माथ्यावर, म्हणजे ठीक दक्षिणेस, तो पुढीलप्रमाणे येतो :

जानेवारीअखेर : सकाळी सुमारे ६.४० वाजता (पाहण्यास योग्य वेळ पहाटे ५.३० ते ६)
मार्चच्या मध्यास : पहाटे सुमारे ३.४५ वाजता
१ मे : मध्यरात्रीनंतर सुमारे १२.४० वाजता
मेच्या मध्यास : रात्री सुमारे ११.४० वाजता
मेअखेर : रात्री सुमारे १०.४० वाजता

तारे दररोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात. त्यामुळे महिन्याभरात ही वेळ दोन तासांनी अलीकडे सरकते. जूनच्या मध्यास मित्र रात्री पावणेदहाच्या सुमारासच दक्षिणेस येतो, परंतु तोवर कोकणात पाऊस सुरू झालेला असतो. त्यामुळे सवडीने पाहण्याचा काळ वैशाख महिन्याच्या आसपासचा होय. पहाटे उठण्याची तयारी असल्यास जानेवारी-फेब्रुवारीतील कोरडी, स्वच्छ हवा अधिक अनुकूल ठरते.

रेवसहून निरीक्षण

रेवस हे अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोकास, धरमतर खाडीच्या मुखाशी वसलेले बंदर आहे. येथून समुद्र व मुंबई उत्तरेकडे, तर अलिबाग तालुक्यातील जमीन आणि कनकेश्वरसारखे डोंगर दक्षिणेकडच्या बाजूस येतात. धरमतर खाडी आग्नेयेकडे आत शिरते. त्या बाजूस दृष्टीआड येणारे काही नसल्यामुळे धक्क्यावरून तारा वर येताना पाहणे सोयीचे जाते. दहा अंशांची उंची येथील डोंगरांना ओलांडण्यास पुरेशी आहे, पण जवळची माडाची वाडी किंवा घराचे छप्पर मात्र तारा सहज झाकते. म्हणून दक्षिण बाजू मोकळी असलेली जागा दिवसाउजेडी हेरून ठेवणे श्रेयस्कर.

ओळख पटविण्याचा क्रम असा : प्रथम चार ताऱ्यांचा, पतंगाच्या आकाराचा त्रिशंकू शोधावा. त्याच्या डावीकडे, म्हणजे पूर्वेस, जवळजवळ सारख्याच उंचीवर दोन ठळक तारे आढळतात. त्रिशंकूच्या जवळचा तो मित्रक, पलीकडचा व अधिक तेजस्वी तो मित्र. मित्रक मित्राच्या सुमारे ३५ मिनिटे आधी दक्षिणेस येतो. मित्राकडून मित्रकाकडे काढलेली रेषा पुढे वाढविली की ती त्रिशंकूकडे जाते, म्हणून या दोघांना त्रिशंकूचे ‘निदर्शक’ म्हणतात. आकाशाचा दक्षिण ध्रुवबिंदू मात्र येथून कधीच दिसत नाही. उत्तरेस ध्रुवतारा जितका वर, तितकाच, म्हणजे १८.८ अंश, तो क्षितिजाखाली असतो.

पहिल्याच दर्शनात पुष्कळांची निराशा होते, कारण पुस्तकात वाचलेले तेज डोळ्यांना जाणवत नाही. दहा अंश उंचीवरील ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत पाचपटीहून अधिक जाडीच्या हवेतून येतो. वाटेतील बाष्प, क्षार आणि धूळ त्याचे तेज एक प्रत किंवा त्याहूनही अधिक घटवितात. प्रकाशातील निळा भाग अधिक विखुरला जात असल्याने तारा तांबूस दिसतो आणि फार लुकलुकतो. यात ताऱ्याचा काही दोष नसून तो आपल्या अक्षांशाचा परिणाम आहे. दक्षिण आफ्रिकेत किंवा ऑस्ट्रेलियात हाच तारा उंच आकाशात शुभ्र-पिवळा व स्थिर दिसतो.

मुंबईचा प्रकाशपट्टा रेवसच्या उत्तरेस असल्याने दक्षिण आकाश तुलनेने काळोखे राहते. तथापि थळचा खत कारखाना आणि डोलवीचा पोलाद कारखाना यांचे दिवे त्याच बाजूस येतात. शिवाय रेवस–करंजा खाडीपुलाचे काम हाती घेण्यात आल्याने या भागातील रहदारी व दिवे वाढणार हे उघड आहे. क्षितिजालगतच्या ताऱ्यांना या उजेडाचा फटका सर्वांत आधी बसतो, कारण दूरच्या दिव्यांची प्रभाही क्षितिजालगतच पसरते. डोक्यावरचे तारे शहरातूनही थोडेफार दिसतात, पण मित्र, मित्रक व त्रिशंकू यांना महाराष्ट्रात क्षितिजाखेरीज दुसरी जागा नाही. दिव्यांवर टोप्या बसवून त्यांचा उजेड खाली वळविला, तर रस्ताही उजळतो आणि आकाशही राखले जाते.

दिसणारी जोडी आणि खरी जोडी

आकाशात शेजारी दिसणारे मित्र व मित्रक ही जोडी आहे असा समज स्वाभाविक आहे, परंतु तो चुकीचा आहे. मित्रक आपल्यापासून सुमारे ३९० प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे मित्राच्या जवळजवळ नव्वदपट. दोघे केवळ एका दिशेस आल्यामुळे शेजारी भासतात. खरी जोडी आहे ती एकट्या दिसणाऱ्या मित्राच्या आत.

एका दिशेत आलेल्या ताऱ्यांना दृश्य जोडी म्हणतात आणि परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या ताऱ्यांना द्वैती तारे (जोडतारे) म्हणतात. दुर्बिणीतून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. त्यांतील भेद ठरविण्यासाठी दोन ताऱ्यांची सापेक्ष स्थिती वर्षानुवर्षे मोजावी लागते. एक तारा दुसऱ्याभोवती वळत असल्याचे दिसले, तर ती खरी जोडी. त्यामुळे द्वैती ताऱ्यांचा अभ्यास हे एका माणसाचे काम नसते. एकाने टिपलेले आकडे पुढच्या पिढीच्या कामी येतात.

शोधाचा इतिहास

मित्र हा द्वैती तारा असल्याचा शोध भारताच्या भूमीवर लागला. पुद्दुचेरी (पाँडिचेरी) येथे राहणारे फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशक ज्याँ रिशो हे डिसेंबर १६८९ मध्ये एका धूमकेतूचे निरीक्षण करीत होते. त्या वेळी वाटेत आलेला मित्र दुर्बिणीतून दोन ताऱ्यांचा बनलेला त्यांना दिसला. दुर्बिणीच्या साहाय्याने भारतातून लागलेल्या आरंभीच्या खगोलीय शोधांत त्याची गणना होते. अठराव्या शतकात निकोला-लुई द लाकाय यांनी दक्षिण आफ्रिकेतील केप येथून या जोडीची निरीक्षणे केली. पुढे १८३४ ते १८३८ या काळात जॉन हर्शेल यांनीही तेथूनच तिची मोजमापे घेतली.

ताऱ्याचे अंतर मोजण्याचा मान थॉमस हेंडरसन यांच्याकडे जातो. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वर्षभरात किंचित हललेला दिसतो. या विस्थापनास पराशय म्हणतात. हेंडरसन यांनी १८३२-३३ मध्ये केप येथे त्यासाठी लागणारी निरीक्षणे केली, परंतु निष्कर्षाची पुरेशी खात्री न वाटल्याने ती प्रसिद्ध करण्यास १८३९ साल उजाडले. तत्पूर्वी, १८३८ मध्येच, जर्मनीतील फ्रीडरिश बेसेल यांनी हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे अंतर जाहीर केले होते. ताऱ्याचे अंतर प्रथम मोजणारे म्हणून इतिहासात बेसेल यांचे नाव लागले ते यामुळे. मित्राचा पराशय आज सुमारे ०.७५ विकला मानला जातो. एक विकला म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग होय.

पुणे येथील निरीक्षणे

द्वैती ताऱ्यांच्या इतिहासातील एक प्रकरण महाराष्ट्रात घडले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील अभियंता विल्यम स्टीफन जेकब (१८१३–१८६२) यांनी १८४२ मध्ये पुण्यात खासगी वेधशाळा उभारली. सर्वेक्षणाची नोकरी सांभाळून त्यांनी १८४५ ते १८४८ या काळात २४४ द्वैती ताऱ्यांची मोजमापे घेतली आणि त्यांची सूची लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे पाठविली. मित्राच्या जोडीची कक्षा गणिताने काढण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्यांचा प्रयत्न मोडतो. वृश्चिकेतील एक ज्ञात जोडी वस्तुतः त्रिकूट आहे, हेही त्यांनी १८४७ मध्ये दाखविले.

पुण्याहून मित्र जेमतेम पावणेअकरा अंश वर येतो हे ध्यानात घेतले, म्हणजे या कामातील चिकाटीची कल्पना येते. जेकब पुढे १८४८ मध्ये मद्रास वेधशाळेचे संचालक झाले. तेथे त्यांनी १८५५ मध्ये भुजंगधारी तारकासमूहातील एका द्वैती ताऱ्याच्या गतीतील अनियमिततेवरून तेथे ग्रहासारखा अदृश्य घटक असावा असे सुचविले. तो तर्क पुढे टिकला नाही, पण दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचा शोध त्याच्या गतीवरून घेण्याची कल्पना त्यात होती. १८६२ मध्ये पुण्याजवळच्या डोंगरावर नवी वेधशाळा उभारण्यासाठी ते इंग्लंडहून परतले. ८ ऑगस्ट रोजी ते मुंबईस उतरले आणि १६ ऑगस्ट रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. ती वेधशाळा झाली नाही.

घटक तारे आणि त्यांची कक्षा

मित्र अ हा आपल्या सूर्यासारखाच पिवळा तारा असून तो सूर्याच्याच जी२ या वर्णपटीय प्रकारात मोडतो. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.१ पट, व्यास १.२ पट आणि तेजस्विता दीडपट आहे. मित्र ब हा नारिंगी छटेचा, के१ प्रकारचा तारा होय. त्याचे वस्तुमान सूर्याच्या ०.९१ पट आणि तेजस्विता सुमारे निम्मी आहे. या ताऱ्यांचे वय सूर्याहून थोडे अधिक असावे असे मानले जाते.

दोन्ही तारे एका सामाईक गुरुत्वमध्याभोवती सुमारे ७९.९ वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. सहस्रचंद्रदर्शनाच्या वयाहून हा काळ किंचित कमी भरतो. म्हणजे दीर्घायुषी माणसाला आपल्या हयातीत ही एक प्रदक्षिणा पूर्ण झालेली दिसू शकते. रिशो यांच्या शोधापासून अशा चार प्रदक्षिणा पूर्ण झाल्या आहेत. कक्षा बरीच लांबट असल्याने दोघांतील अंतर ११.२ ते ३५.६ खगोलीय एकके असे बदलते. पृथ्वी व सूर्य यांमधील सरासरी अंतर म्हणजे एक खगोलीय एकक. सूर्यमालेच्या भाषेत सांगायचे तर, हे तारे जवळ आले असता त्यांतील अंतर सूर्य-शनी अंतराहून थोडे अधिक असते आणि दूर गेले असता ते सूर्य-नेपच्यून अंतरापलीकडे जाते. ते १९५५ मध्ये परस्परांच्या सर्वांत निकट आले होते व पुन्हा २०३५ मध्ये येतील.

कक्षा कळली की ताऱ्यांचे वजन करता येते. केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार, सरासरी अंतराचा (खगोलीय एककांत) घन घेऊन त्याला कालावधीच्या (वर्षांत) वर्गाने भागले असता दोन्ही ताऱ्यांचे एकत्रित वस्तुमान सूर्याच्या पटीत मिळते. येथे सरासरी अंतर २३.४ आहे. त्याचा घन सुमारे १२,८१३ होतो. ७९.९ चा वर्ग सुमारे ६,३८४ आहे. भागाकार जवळजवळ २.०१ येतो. वर दिलेल्या १.१ व ०.९१ यांची बेरीजही तेवढीच आहे. ताऱ्याला तराजूत घालता येत नाही, पण त्याची जोडी असेल तर त्याचे वजन असे काढता येते. ताऱ्यांच्या वस्तुमानाविषयीचे आपले ज्ञान मुख्यतः द्वैती ताऱ्यांवरच उभे आहे.

पृथ्वीवरून पाहता या दोन ताऱ्यांतील कोनीय अंतर सुमारे १.७ ते २२ विकला असे बदलते. २०१६ मध्ये ते घटून चार विकला झाले होते, त्यानंतर ते वाढू लागले. उंच आकाशात असता हे तारे लहान दुर्बिणीतूनही वेगळे होतात. रेवससारख्या ठिकाणी मात्र क्षितिजालगतची हवा प्रतिमा थरथरविते आणि ताऱ्याचा प्रकाश उभ्या रंगीत पट्टीत पसरविते. त्यामुळे तारा ठीक दक्षिणेस असताना व हवा स्थिर असतानाच प्रयत्न करावा.

प्रॉक्झिमा आणि ग्रह

रॉबर्ट इनेस यांनी १९१५ मध्ये जोहान्सबर्ग येथील वेधशाळेतून मित्रापासून सुमारे सव्वादोन अंशांवर एक मंद तारा शोधला. त्याची प्रत सुमारे ११ असल्याने तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. हा लाल खुजा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे जोडीहूनही थोडा अलीकडे आहे. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा ज्ञात तारा तोच. तो जोडीपासून सुमारे १३,००० खगोलीय एकके दूर असून तिच्याभोवती एक फेरी पूर्ण करण्यास त्याला सुमारे साडेपाच लक्ष वर्षे लागतात.

प्रॉक्झिमाभोवती ११.२ दिवसांत फिरणारा, पृथ्वीएवढ्या वस्तुमानाचा एक ग्रह असल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. ताऱ्यापासूनचे त्याचे अंतर पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा पट्ट्यात येते. परंतु प्रॉक्झिमावर वारंवार तीव्र उद्रेक होत असल्याने तेथे वातावरण टिकले असेल काय, हा प्रश्न मोकळा आहे. मित्र ब भोवती ग्रह सापडल्याची २०१२ मधील घोषणा २०१५ च्या फेरतपासणीत खरी ठरली नाही. जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून मित्र अ भोवती एक वायुमय ग्रह असावा असे संकेत मिळाल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची निश्चिती व्हावयाची आहे.

अंतराची कल्पना

पृथ्वी व सूर्य यांमधील अंतर एक मीटर मानले, तर सूर्य हरभऱ्याच्या दाण्याएवढा होतो. या प्रमाणात मित्र अ रेवसच्या धक्क्यावर ठेवावा. तोही दाण्याएवढाच, किंचित मोठा. मित्र ब त्याच्यापासून ११ ते ३६ मीटरांच्या दरम्यान, धक्क्याच्या परिसरातच फिरत राहील. प्रॉक्झिमा १३ किलोमीटरवर, अलिबागच्या वाटेवर निम्म्याच्या पुढे येईल. आणि आपला सूर्य? तो सरळ रेषेत २७६ किलोमीटर दूर, कोल्हापूरच्या आसपास ठेवावा लागेल. सर्वांत ‘जवळचा’ तारा तो हा.

मित्राचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास चार वर्षे चार महिने लागतात. दहावीची परीक्षा दिलेला विद्यार्थी मे महिन्याच्या रात्री जो प्रकाश पाहतो, तो तो सहावीत असताना तेथून निघालेला असतो. मित्रावरून पाहिले तर आपला सूर्य शर्मिष्ठा तारकासमूहात एक ठळक तारा म्हणून दिसेल.

भूतकाळ व भविष्यकाळ

पृथ्वीच्या अक्षाची दिशा सुमारे २६,००० वर्षांच्या आवर्तनाने बदलते. त्यामुळे ताऱ्यांचे क्षितिजाशी असलेले नातेही बदलते. टॉलेमीच्या काळी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, मित्र आजच्याहून उत्तरेस होता आणि अलेक्झांड्रियाहून दिसत असे. त्या काळी कोकणातूनही तो आजच्यापेक्षा बराच उंच येत असला पाहिजे.

याशिवाय मित्राला स्वतःची गती आहे. आकाशात तो दरवर्षी सुमारे ३.७ विकला सरकतो, म्हणजे सुमारे पाचशे वर्षांत पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढा. शिवाय तो आपल्याकडे येत आहे. सुमारे २८,००० वर्षांनी तो तीन प्रकाशवर्षांपर्यंत जवळ येईल व नंतर दूर जाऊ लागेल.

हे सुद्धा पहा

नरतुरंग (तारकासमूह)
त्रिशंकू (तारकासमूह)
मित्रक (तारा)
अगस्त्य (तारा)
द्वैती तारा
पराशय
केप्लरचे नियम
रेवस